पाकीट फेकलं, तिकीट ठेवलं

सटाण्यात येऊन 'तिकिटवाले मास्तर कुठं राहतात?' असं विचारलंत, तर एखादा भला माणूस तुम्हाला एसटी स्टँडकडे पाठवून देईल. निवडणुकीचे दिवस असले तर 'कोणत्या पक्षाचं तिकीट?' असंही कुणी विचारील. तिसरा माणूस मात्र आमच्या गल्लीकडे बोट दाखवील. तिकीट या शब्दावर आपण इतकी ओझी लादली आहेत, की टपालाचं तिकीट बिचारं मागच्या बाकावर जाऊन बसलं आहे. मी गेली पन्नासएक वर्षं जमवतो आहे ती ही मागच्या बाकावरची तिकिटं. शाळेत मी भूगोल शिकवला. त्यातला निम्मा मला या तिकिटांनी आधी शिकवला होता.

माझ्याकडे येणारी माणसं साधारण एकाच प्रकारची असतात. हातात पिशवी, पिशवीत बिस्किटांचा पत्र्याचा जुना डबा, आणि चेहऱ्यावर लॉटरीचा निकाल बघायला आल्यासारखा भाव. 'मास्तर, आजोबांच्या ट्रंकेत सापडली. शंभर वर्षांपूर्वीची आहेत. लाखांत जातील ना?' वर्तमानपत्रात एखाद्या तिकिटाच्या लिलावाची बातमी आली की पुढचे आठ दिवस आमच्याकडे चहाची पातेली दोनदा चढतात. २०१४ साली ब्रिटिश गयानाचं १८५६ चं एक सेंटचं किरमिजी तिकीट न्यूयॉर्कला जवळजवळ ९५ लाख डॉलरना विकलं गेलं. बारा वर्षांच्या एका शाळकरी पोराला ते १८७३ साली घरातल्या जुन्या कागदांत सापडलं होतं आणि त्यानं ते काही शिलिंगांना विकून टाकलं होतं. बातमीतला हा पोरगा फार घातक. तो वाचणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, आपल्याही माळ्यावर काहीतरी असणार.

त्याच आठवड्यात आप्पा आला. आप्पा म्हणजे माझा चुलतभाऊ. तालुक्यातच त्याची शेती. डाळिंबाच्या बागेवर तेल्या आलेला, दोन हंगाम हातचे गेलेले, मुलगी बारावी झालेली. बागलाणात राहणाऱ्याला याहून जास्त सांगायला नको. त्यानं मांडीवर ठेवलेला जाडजूड आल्बम मी लांबूनच ओळखला. तो माझ्या काकांचा होता. मला या नादाला लावणारे तेच. काका जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

'यासना काय भाव भेटी रे भाऊ?' आप्पानं विचारलं. बस, एवढंच.

त्याला काय सांगितलं ते पुढे येईलच. आधी काकांविषयी सांगायला हवं, नाहीतर त्या आल्बमवर अन्याय होईल.

काका प्राथमिक शिक्षक. पगार जेमतेम. पण गावातल्या ज्या ज्या घरी बाहेरगावचं टपाल येई, तिथं त्यांचा शब्द टाकलेला असे. कांद्याच्या व्यापाऱ्याकडे मद्रासची आणि कलकत्त्याची पाकिटं येत. एका डॉक्टरांचा भाऊ विलायतेत होता. मार्गशीर्षात देवमामलेदार यशवंतराव महाराजांची यात्रा आरमकाठी भरली की रेवड्या आणि पाळण्यांच्या गर्दीत एक माणूस जाजम टाकून बसे. त्याच्यापाशी सेलोफेनच्या पाकिटात रंगीबेरंगी परदेशी तिकिटं असत. आम्हा पोरांना पाळण्यात बसायला दिलेले पैसे तिथं जात.

रविवारी सकाळी काकांच्या ओसरीवर कार्यक्रम. परातीत थंड पाणी. त्यात पाकिटांचे कापलेले कोपरे सोडायचे आणि वाट बघायची. घाई करायची नाही, नखानं ओरबाडायचं नाही. अर्ध्या-पाऊण तासानं तिकीट आपोआप कागदाचा हात सोडतं आणि पाण्यावर मोकळं तरंगतं. ते चिमट्यानं उचलून टीपकागदावर पालथं घालायचं, वर जाड पुस्तक ठेवायचं. संध्याकाळी ते इस्त्री केल्यासारखं निघे. या सगळ्यात एक प्रकारचं सुख होतं, ते मला अजून कशात मिळालेलं नाही. बायकोचं म्हणणं वेगळं आहे. ती म्हणते, एवढ्या वेळात निदान वाटाणे तरी सोलून झाले असते.

मग ओळखीचा खेळ. 'हेल्वेशिया' नावाचा देश नकाशात सापडेना. दोन दिवस मी डोकं खाजवल्यावर काकांनी सांगितलं, अरे ते स्वित्झर्लंड. 'मॅग्यार' म्हणजे हंगेरी, 'सुओमी' म्हणजे फिनलंड, 'निप्पॉन' म्हणजे जपान. आणि ज्यावर देशाचं नावच नाही, नुसतं राणीचं डोकं आहे, ते इंग्लंड. सगळ्या जगात चिकटवायचं टपाल तिकीट पहिल्यांदा त्यांनी काढलं, १८४० साली, म्हणून नाव न छापण्याचा तोरा त्यांचा आजतागायत चालू आहे. सटाण्याबाहेर मी तोवर फक्त मालेगाव पाहिलं होतं. पण हेलसिंकी कुठं आहे हे मला पाठ होतं.

आपल्या जिल्ह्याचाही यात मान आहे, हे मात्र मला बरंच उशिरा कळलं. जवळजवळ सत्तर वर्षं हिंदुस्थानची बहुतेक तिकिटं लंडनच्या डी ला रू कंपनीत छापून बोटीनं येत. १९२५ साली नाशिक रोडला सिक्युरिटी प्रेस उभी राहिली आणि पुढे हे काम इथं आलं. विमान टपालाची १९२९ ची तिकिटं, नव्या दिल्लीच्या उद्‌घाटनाची १९३१ ची, सगळी इथली. १९३७ साली जॉर्ज सहाव्याच्या काळात एक सुरेख मालिका निघाली. राजाचं डोकं एका बाजूला आणि मध्ये टपाल वाहून नेणारे एकेक गडी. दोन आण्यांवर पळणारा डाकिया, मग बैलगाडी, टांगा, उंट, आगगाडी, आगबोट, आठ आण्यांवर मोटारलॉरी, बारा आण्यांवर विमान. दाम वाढे तसा वेग वाढे! स्वातंत्र्यानंतर १ ऑक्टोबर १९५२ ला कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि रवींद्रनाथ यांची सहा तिकिटं निघाली. फोटोग्राव्ह्युअर पद्धतीनं नाशिकला छापलेली ती पहिली. जगभरच्या आल्बमांत जाऊन बसलेली ही तिकिटं आमच्यापासून नव्वदेक किलोमीटरवर छापली गेली, आणि आम्ही पोरं मात्र यात्रेतल्या जाजमावरच्या परदेशी घोड्यांसाठी जीव टाकत होतो.

त्या घोड्यांचीच गोष्ट आप्पाला आधी सांगावी लागली.

काकांच्या आल्बमची पहिली वीस पानं अजमान, मनामा, उम्म अल-कुवैन अशा नावांनी झळकत होती. केवढी मोठी तिकिटं! अवकाशयानं, घोडे, रोमन चित्रं, सोनेरी कडा. आप्पाला वाटत होतं खजिना तो हाच. खरी हकीकत अशी, की आखाती किनाऱ्यावरच्या या चिमुकल्या अमिरातींनी साठीच्या दशकात तिकिटं काढण्याचे हक्क परदेशी दलालांना विकले होते. कुणी कधी पत्राला लावावीत म्हणून ती छापलीच नव्हती. शिक्कासुद्धा छापखान्यातच मारलेला. तिकीट उलटं केलं तर मागचा डिंक जसाच्या तसा! १९७१ च्या डिसेंबरात संयुक्त अरब अमिराती झाली आणि पुढच्या वर्षभरात हा धंदा आटोपला. पण तोवर ती पाकिटं जगातल्या सगळ्या यात्रांत पोचली होती.

'मग ही?' आप्पानं पान उलटलं. ही खरी भारतीय. जयहिंदचं साडेतीन आण्यांचं, २१ नोव्हेंबर १९४७ चं, स्वतंत्र देशाचं पहिलं तिकीट. तिरंगा असलेलं. शेजारी गांधीजींचं १५ ऑगस्ट १९४८ चं दीड आण्याचं, देवनागरी आणि उर्दूत 'बापू' लिहिलेलं. (स्वदेशीसाठी आयुष्य वेचलेल्या माणसाचं हे तिकीट छापलं गेलं स्वित्झर्लंडमध्ये. नाशिकला तेव्हा फोटोग्राव्ह्युअरची सोय नव्हती हे कारण खरं, तरी मला ते अजून टोचतं.) याच मालिकेतलं दहा रुपयांचं तिकीट, त्यावर 'सर्व्हिस' असं जादा छापलेलं, गव्हर्नर जनरलच्या कचेरीपुरतं मोजकं काढलं होतं. अशा चार तिकिटांची एक पट्टी २०१७ साली लंडनच्या स्टॅन्ली गिबन्सनं पाच लाख पौंडांना विकली. त्या बातमीनंतरही माझ्याकडे दीड आण्याचे बापू घेऊन लोक आलेच. दीड आण्याची तिकिटं लाखोंनी निघाली, दहा रुपयांची ती फक्त शंभरेक. बापू तेच, संख्या वेगळी.

लोकांना हे पटवणं सर्वांत जड जातं. जुनं म्हणजे महाग, हा हिशेब नाण्याला लागत नाही तसा तिकिटालाही लागत नाही. जगातलं पहिलं तिकीट, इंग्लंडचं 'पेनी ब्लॅक', सहा कोटी ऐंशी लाखांवर छापलं गेलं. त्यामुळे पावणेदोनशे वर्षांचं असूनही ते आजही पुष्कळ सापडतं. चांगल्या नगाला पैसे पडतात, पण राजवाडा विकावा लागत नाही. याउलट आपल्याकडचं 'सिंद डाक'. सिंधचा कमिशनर बार्टल फ्रियर यानं १ जुलै १८५२ रोजी अर्ध्या आण्याची ही गोल ठशाची तिकिटं काढली, आशियातली पहिली. त्यातलं लाल तिकीट लाखेसारखं ठिसूळ होतं, हाताळताना तुकडे पडत. पुढं पांढऱ्या आणि निळ्या कागदावर ठसे उठवले. सारा कारभार सव्वादोन वर्षांत संपला. लाल तिकीट दुर्मीळ झालं ते तुटत होतं म्हणून.

चुकांचंही तेच. १८५४ साली कलकत्त्याला चार आण्यांचं दोन रंगी तिकीट शिळाछापावर काढलं. आधी लाल चौकट, मग निळं व्हिक्टोरिया राणीचं डोकं, म्हणजे एकच कागद दोनदा यंत्रातून जायचा. एखादा कागद कुणा कामगारानं उलटा सरकवला आणि राणी शीर्षासनात गेली. अशी जेमतेम दोन-तीन डझन तिकिटं आज माहीत आहेत, आणि भारतीय तिकिटांतलं हे सर्वांत गाजलेलं रत्न समजलं जातं. पण म्हणून छपाईचा प्रत्येक ओघळ म्हणजे रत्न नव्हे. एक गृहस्थ मला ठिपका दाखवायला तीनदा आले. तिसऱ्यांदा भिंगाखाली तो ठिपका चालू लागला.

आप्पाच्या आल्बमला मात्र मी भिंग लावायची गरज नव्हती. काकांनी सगळी तिकिटं खळीनं चिकटवली होती, कायमची. कागदी हिंज आमच्याकडे मिळत नसत, आणि हिंज नावाची वस्तू असते हेच त्यांना निम्मं आयुष्य माहीत नव्हतं. त्यातून काका टापटिपीचे. जयहिंदच्या तिकिटाच्या दातेरी कडा त्यांना वेड्यावाकड्या वाटल्या असाव्यात. त्यांनी त्या कात्रीनं चारी बाजूंनी सरळ करून टाकल्या होत्या. संग्राहकाच्या लेखी दात गेले की तिकीट गेलं.

मी आप्पाला सगळं मिळून सातशे-आठशे रुपये सांगितले, तेही घेणारा भेटला तर. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, 'म्हणजे बापानं चाळीस वर्षं काय केलं?'

मी म्हटलं, आल्बम मीच ठेवतो, पाच हजार देतो. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प झालो. खोटा भाव सांगून मदत करायची हा माझा मूर्खपणा त्याला कळला होता. त्यानं आल्बम पिशवीत घातला. मुलीची फी त्यानं बैलजोडी विकून भरली. डाळिंब उपटून कांदा लावला. त्या दिवसाबद्दल आम्ही पुन्हा बोललो नाही.

पण त्याचा प्रश्न माझ्या मागं लागला, कारण तो मला स्वतःला विचारावा असाच होता. काकांनी फार तर तिकिटांचे दात कापले. मी काय कापलं ते आप्पाला माहीत नव्हतं.

१९७१ चं साल. बांगलादेशच्या निर्वासितांसाठी सरकारनं १५ नोव्हेंबरपासून पत्रांवर पाच पैशांचं जादा तिकीट सक्तीचं केलं. सुरुवातीला नवं तिकीट तयार नव्हतं, म्हणून कुटुंब नियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावरच 'रेफ्यूजी रिलीफ' असं छापून भागवलं, काही ठिकाणी तर स्थानिक रबरी शिक्के उठवून. मार्च १९७३ पर्यंत ते चाललं. मी अकरा वर्षांचा. ती तिकिटं इतकी येत की आम्ही पोरं ती कचऱ्यात टाकत असू. आज त्या स्थानिक शिक्क्यांची अख्खी पाकिटं लोक शोधत फिरतात, आणि मी त्यांतला एक.

नेमक्या त्याच हिवाळ्यात मला घरातली जुनी ट्रंक सापडली. माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ दुसऱ्या महायुद्धात फौजेत होते. परत आले, पण फारसं बोलले नाहीत, आणि मी जन्मायच्या आधीच गेले. त्यांची पत्रं त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या धाकट्या आजीनं, रुमालात बांधून ठेवली होती. आजीला वाचता येत नव्हतं. मी तिच्याकडे तिकिटं मागितली. 'कागदं ऱ्हाऊ दे, वरलं ले,' ती म्हणाली. म्हणजे आतली पत्रं राहू दे, वरचं घे. मी वरचं घेतलं. अकरा पाकिटं. प्रत्येकाचं तिकीट कापून घेतलं आणि पाकिटं न्हाणीघरातल्या बंबात घातली. पाणी छान तापलं.

पाच-सहा वर्षांनी, मी मॅट्रिक झाल्यावर, आजीनं मला बसवून ती पत्रं वाचायला लावली. सगळी क्षेमकुशलाची. गुरं कशी आहेत, पाऊस झाला का, मोठ्या भावाला नमस्कार. गावाचं नाव कुठंच नाही. सेन्सॉरमुळं जवानांना ठिकाण लिहायची बंदी असे. वाचून झाल्यावर आजीनं विचारलं, 'कोनतं गाव व्हतं रे ते?'

मी म्हटलं, पत्रात नाही.

पत्रात नव्हतं, पण पाकिटावर होतं. हे मला १९८५ च्या सुमाराला मुंबईत एका प्रदर्शनात कळलं, आजी गेल्यानंतर. फौजेच्या टपाल कचेऱ्यांच्या शिक्क्यावर गावाऐवजी नुसता क्रमांक असे आणि तारीख. कोणता क्रमांक कोणत्या तारखेला कुठे होता, इराकात की इजिप्तमध्ये की इटलीत, याच्या याद्या संग्राहकांनी युद्धानंतर खपून तयार केल्या आहेत. त्या प्रदर्शनात एका चौकटीत असंच एक मळकं पाकीट लावलेलं होतं. तिकीट साधंच. खाली चार ओळींत त्या पाकिटाचा सगळा प्रवास लिहिलेला. मी त्या चौकटीपुढं किती वेळ उभा होतो कोण जाणे. शेवटी पहारेकऱ्यानं विचारलं, काही हवंय का?

तेव्हापासून मी पाकिटं कापत नाही, आणि येईल त्याला तेच सांगतो. जुनं पत्र सापडलं तर कात्री लांब ठेवा, पाण्याच्या तर जवळ नेऊ नका. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन करू नका. तिकीट कोट्यवधींतलं एक असतं, पण सटाण्याहून अमक्या तारखेला निघून तमक्या गावी पोचलेलं पाकीट जगात एकच. माझ्याकडे आज पाव आण्याची जुनी पोस्टकार्डं आहेत, त्यांवर बागलाणातल्या गावांचे शिक्के आहेत. बाजारात त्यांना फार भाव नाही. कुणी कांद्याचा दर कळवला आहे, कुणी मुलीची सोयरीक. धोंडो केशव कर्व्यांच्या शंभराव्या वाढदिवसाला, १८ एप्रिल १९५८ ला, त्यांचं तिकीट निघालं. हयात असताना तिकिटावर आलेले ते पहिले भारतीय. त्या तिकिटाचं त्याच दिवशीचा शिक्का असलेलं एक पाकीट मला एका रद्दीवाल्याकडे किलोच्या भावात मिळालं. कुणीतरी कोपरा कापायला सुरुवात करून अर्ध्यात सोडून दिलं होतं. बहुधा आईनं जेवायला हाक मारली असावी.

आता पत्रंच कमी झाली. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली, २०२५ साली रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टात विलीन झालं. पोस्टात पाकीट दिलं तर तिकिटाऐवजी बारकोडची पट्टी लागते. मी खिडकीपाशी मुद्दाम तिकिटं मागतो, आणि शिक्का जरा हलक्या हातानं मारा म्हणतो. तिथली मंडळी माझ्या ओळखीची आहेत, ऐकतात.

मागच्या दिवाळीत आप्पाची मुलगी आली होती. ती आता पुण्याला नोकरी करते. बरोबर आल्बम होता. 'आजोबांनी प्रत्येक पानाच्या मागं काहीतरी लिहिलंय, काका. तुम्ही पाहिलंत?' मी पाहिलं नव्हतं. मी भाव करत होतो ना! पेन्सिलीनं, बारीक अक्षरात, प्रत्येक तिकीट कुणी दिलं आणि कधी, हे काकांनी पानामागं लिहून ठेवलं होतं. अमक्या अडत्याकडून, पोळ्याच्या दिवशी. डॉक्टरांकडून, भावाचं पत्र आलं तेव्हा, खूश होते. यात्रेतून, आप्पाच्या पाळण्याच्या पैशातून, तो रडला.

तिनं ते पान बापाला दाखवलं का, मी विचारलं. म्हणाली, दाखवलं. काहीच बोलले नाहीत. पण आल्बम आता कपाटात वरच्या फळीवर असतो.

मग तिनं माझा आल्बम मागितला. एका पानावर ती थांबली. जॉर्ज सहावा, आठ आणे, मोटारलॉरी. 'याला शिक्का नीट नाही,' ती म्हणाली. बरोबर होतं. धाकट्या आजीच्या अकरांपैकी उरलेलं हे एक. वर्तुळाचा पाव भाग तिकिटावर आहे, बाकीचा पाकिटाबरोबर गेला. भिंग लावलं तर क्रमांकातला पहिला आकडा दिसतो, एक. पुढं आणखी एका आकड्याची उभी रेघ आहे. तो चार असेल, किंवा एकसुद्धा असेल. मुलीनं भिंग माझ्या हातातून घेतलं आणि दिव्याजवळ सरकली.